अत्यल्प

डबीवर नाव नसतं. नंबर असतो,
आणि माझ्या हस्ताक्षरात तारीख.
म्हणून इथंही तिचं नाव लिहीत नाही.
धरणगावच्या जिनमध्ये रेच्यावर कामाला असते, एवढं पुरे.
गुरुवारी अमळनेरला येते, एआरटीच्या गोळ्यांच्या दिवशी,
केसांत सरकीचा भुगा घेऊन,
रांगेत सगळ्यात शेवटी, भिंतीला खेटून.
एचआयव्हीची सात वर्षं तिनं शेजारणीलाही दिसू दिली नाहीत.

"हाऊ खोकला कापूसना से,"
मी काही विचारायच्या आधीच म्हणाली.
जिनमधल्या सगळ्याच खोकतात.
मुकादम खोकतो, त्याचा कुत्रा खोकतो.
अकरा आठवडे हळद-दूध झालं,
दोनदा काच तपासून झाली.
दोन्ही वेळा कोरी.

काच कोरी का राहते, मला ठाऊक आहे.
वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून
माझ्या उजव्या भुवईखाली खाच पडलीय.
निळ्या रानात लाल काड्या शोधायच्या,
शंभर रानं पालथी घालायची,
मग लिहायचं: आढळले नाहीत.
पण ज्या अंगातलं सैन्यच थकलंय
तिथं लढाई होत नाही,
आणि लढाई नाही तर धुरळा कुठला?
जंतू येतो चपला हातात घेऊन, मागच्या दारानं.
आम्ही पुढच्या दारात दिवा धरून उभे.

म्हणून आता हे यंत्र.
पोस्टातल्या टपालखणांसारखी चार दारं.

तिला बाहेर निंबाखाली पाठवलं, मोकळ्या हवेत.
"थुंकी नको, मावशी. खोलातून. बेडका."
खूप वेळ लागला.
आली तेव्हा डबी पदराखाली,
चोरीची वस्तू आणावी तशी.
आत चमचाभर.
औषध घातलं, हलवलं, पंधरा मिनिटं ठेवलं,
बुडबुडा येऊ न देता कार्ट्रिजमध्ये सोडलं.
दार लागलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

आत काय चालतं ते प्रशिक्षणात शिकवलंय:
जंतूच्या कुंडलीतली एक ओळ
यंत्र उतरवून काढतं, पुन्हा उतरवतं,
एकाच्या दोन, दोनाच्या चार,
एखाद्या चिकट तलाठ्यासारखं,
कुजबुजीची आरोळी होईपर्यंत.

सव्वा तास झाला आणि लाइट गेली.
हिलालभाऊ जनरेटरकडे पळाला, एकाच पायात चप्पल.
बॅटरी टुकटुकत होती.
मी पडद्यावरची मिनिटं मोजत होते,
ती बाकावर बसून केसांतली सरकी वेचत होती.
कार्ट्रिज वाया गेलं असतं
तर तिला पुन्हा बोलवावं लागलं असतं,
आणि आणखी एक रोज बुडवून
ती आली नसती. हे मी पाहिलंय.
नंबर राहतात वहीत. माणसं येत नाहीत.

जनरेटर खोकला, मग चालू झाला.

तीन वाजून दहा मिनिटं.
क्षयजंतू: आढळले. अत्यल्प.
रिफाम्पिसिनला दाद देणारे.
अत्यल्प. दोनदा वाचला मी तो शब्द.
एवढ्याशानं अकरा आठवडे झोप खाल्ली होती तिची,
वजन खाल्लं होतं सहा किलो.

बडगुजर मॅडमनी औषध आजच सुरू केलं.
घरात आणखी कोण खोकतं, विचारलं.
"पोरगी," ती म्हणाली, आणि गप्प झाली.
पोरीसाठी मी दुसरी डबी काढून ठेवली. नंबर टाकला.

जाताना दारात थांबली.
"मंग कापूसना नव्हता?"
"नाही."
पदरावरचा एक तंतू तिनं नखावर उचलला,
उजेडात धरून पाहिला.
"फुकट बोल लावा मी त्याले."
फुंकर मारून उडवायला गेली,
तर तोंडावर मी दिलेला मास्क.
मग तसाच चिमटीत धरून घेऊन गेली,
पार फाटकापर्यंत.